कर्नलचं पथ्यपाणी

४ ऑक्टोबर

आले बाई एकदाची! दोन बॅगा, एक छत्री आणि थर्मास एवढ्या संसारानिशी नॉरफोकच्या किनाऱ्यावर येऊन पडले. जनावरांचा दवाखाना बंद पडून माझी नोकरी गेल्यापासून वहिनीच्या सोफ्यावर झोपत होते आणि सकाळ-संध्याकाळ तिचे सुस्कारे ऐकत होते. आता वसंतापर्यंत स्वतःची खोली, स्वतःचा पलंग, आणि खिडकीतून समुद्र. समुद्र राखाडी आहे, पण सुस्कारे तरी टाकत नाही.

मालकीणबाई मिस एनिड पार्जिटर. ऐंशीच्या पुढच्या, उंच, काठीसारख्या सडपातळ, आणि हातातही काठीच. वसंतात खुब्याचं ऑपरेशन झालंय. आल्या आल्या मला सांगून टाकलं की मिस-बिस काही म्हणायचं नाही, नुसतं एनिड म्हण. चहाबरोबर दोनच बिस्किटं, तिसऱ्याला हात लावलेला त्यांना खपत नाही. मी मनातल्या मनात त्यांना एनिडबाई करून टाकलंय.

आणि काम काय, तर एका कासवाची सेवा. नाव कर्नल. जेवणाच्या ताटाएवढा आहे. एनिडबाई आणि त्यांची धाकटी बहीण विनी, दोघींनी लहानपणी बाजारातल्या टोपलीतून निवडून आणलेला. तेव्हा सगळे करायचे तसं कवचाच्या कडेला भोक पाडून त्याला दोरीनं बांधायच्या. दोघींनी लग्नं केली नाहीत, कर्नल मात्र जन्मभर सांभाळला. विनी या वसंतात गेली आणि तेव्हापासून यानं अन्न सोडलं.

बघितलं त्याला. डोळे चिकटलेले, नाकातून बुडबुडे, तोंडात पिवळी बुरशी धरल्यासारखा थर आणि डाव्या कानाच्या जागी अक्रोडाएवढी सूज. वास तर असा की खोलीच्या दाराशीच पाऊल अडावं. पण माझं आयुष्य कुत्र्यामांजरांच्या घाणीत गेलंय. मला किळस येत नाही, हे मी एनिडबाईंना जरा तोऱ्यातच सांगितलं. हा म्हातारा वसंत बघेल, असं वचनही देऊन बसले.

७ ऑक्टोबर

घडी बसली. सकाळी कोमट पाण्याचा टब. त्यात कर्नलसाहेब बसतात आणि पांढरा, खडूच्या चिखलासारखा गाळ सोडतात. मग तोंड उघडायचं. त्यासाठी डोकं धरून ओढावं लागतं आणि तो जुन्या सायकलच्या पंपासारखा फुसफुसतो. कापसानं पिवळी साल सोलायची, खाली लाल मांस दिसतं. मग घशातून नळी घालून पालेभाजीचा पातळ लगदा पोटात ढकलायचा. अर्धा परत येतो, माझ्या मनगटावर.

दरवर्षी थंडीत तो काचेच्या खोलीतल्या छोट्या फ्रिजमध्ये झोपायचा; पाळीव कासवांना थंडीभर असं गारव्यात झोपवतात इकडे. यंदा जनावरांच्या डॉक्टरणीनं सक्त मनाई केली आहे. आजारी कासव झोपलं की उठत नाही. म्हणून वर दिवा लावून साहेबांना जागं ठेवायचं. एनिडबाईंनाही तेच हवंय. वसंतापर्यंत टिकला पाहिजे, म्हणाल्या, तोवर सगळं बाहेर पडेल. दुखणं बाहेर पडेल, असं म्हणायचं असेल.

फ्रिज रिकामा आहे तर चालू कशाला ठेवलाय, विचारलं. सवय आहे, म्हणाल्या.

१३ ऑक्टोबर

डॉक्टरीण येऊन कान फोडून गेली. कासवाचा पू वाहत नाही, घट्ट होतो, शिळ्या चीजसारखा. चिमट्यानं धरून ओढला तर अख्खा खडाच बाहेर आला, मागे धाग्यासारखी शेपटी. चपकन् आवाज झाला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

एनिडबाई जॅमची रिकामी बरणी घेऊन उभ्याच होत्या. तो खडा मला द्या, म्हणाल्या. डॉक्टरीण माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. जाऊ दे म्हटलं, म्हातारी माणसं आपले मूतखडेसुद्धा जपून ठेवतात.

२१ ऑक्टोबर

कान पुन्हा भरला. आता घरीच धुवायचा, असं डॉक्टरणीनं फोनवर सांगितलं. मीच चिमटा घातला. निघालेला तुकडा करंगळीच्या टोकाएवढा, पांढरट, आणि एका बाजूला काहीतरी कडक. कवचाचा टवका असेल असं वाटलं. उजेडात धरला तर नख होतं. मुळाशी चंद्रकोर असलेलं, नीट कापलेलं माणसाचं नख.

शी! तीनदा हात धुतले.

काहीतरी जुनं गिळलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घालतेय तोवर एनिडबाईंनी तो तुकडा भांड्यांच्या साबणानं धुतला आणि कप पुसायच्या फडक्यानं टिपला. कप पुसायच्या! मी चांगलीच बोलले त्यांना. त्यांनी शांतपणे नवं फडकं काढून दिलं आणि जुनं त्या तुकड्याभोवती गुंडाळून काचेच्या खोलीत घेऊन गेल्या. फ्रिजचं दार लागल्याचा आवाज आला.

२९ ऑक्टोबर

शेजारचे डेसमंड गॅदरकोल कर्नलसाठी रानपाला घेऊन आले. कुंपणावर कोपरं टेकून बोलायची खोड आहे त्यांना. बोलता बोलता विनीवर आले आणि मग त्यांना थांबता येईना.

एनिडबाई ऑपरेशनसाठी इस्पितळात, तिथून बरं होईपर्यंत शुश्रूषागृहात. इकडे विनी काचेच्या खोलीत पडली ती जागीच गेली. दार आतून बंद. तशी ती फोन उचलायचीच नाही, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. कितीतरी आठवडे गेले. शेवटी दार फोडलं ते गॅदरकोल यांनीच. आत ती होती आणि कर्नल होता.

मी विचारलं, मग एवढे दिवस हा खात काय होता? त्यांनी बुटांकडे बघितलं. तेव्हा तर चांगला गुटगुटीत होता, म्हणाले. मग अगदी हळू म्हणाले की शवपेटी बंदच ठेवली होती. तोंडाचं काही राहिलं नव्हतं, आणि एका हाताचं.

मी तिथंच, कुंपणाच्या मुळाशी ओकले. बिचारे पाणी घेऊन आले. आणि त्यानंतर मला घरात येऊन त्याच तोंडात बोट घालायचं होतं. घातलं. वचन दिलंय ना.

३० ऑक्टोबर

न्याहारीला सरळ विचारलं. एनिडबाईंचं टोस्टला लोणी लावणं थांबलं नाही. बिचाऱ्यानं काय करायचं होतं, म्हणाल्या, दार बंद, सॅलडचं पान नाही. विनीनं त्याला जन्मात कधी उपाशी ठेवलं नाही, तिला रागच आला नसता. आणि वर म्हणतात, कर्नल प्रामाणिक आहे. घेतलं ते परत देतोय.

त्यांनी मुरंब्याची बरणी माझ्याकडे सरकवली. कशी खाणार मी!

बॅग भरायला घेतली. मग कर्नलकडे बघितलं. मान बाहेर पडलेली, नाकात बुडबुडा फुगतोय, फुटतोय. मी गेले तर ही बाई त्याला पिळून काढेल. बॅग पुन्हा पलंगाखाली ढकलली.

६ नोव्हेंबर

कर्नलच्या कानातून आज माणसाच्या कानाची पाळी निघाली. मधोमध कर्णफुलाचं भोक असलेली.

मी ती घेऊन तरातरा फ्रिजपाशी गेले आणि दार उघडलं. एनिडबाईंनी अडवलं नाही, उलट अभिमानानं बाजूला झाल्या. ट्रेमध्ये ओलं फडकं पसरलेलं आणि त्यावर, मी येण्याआधीपासून त्यांनी जमवलेलं सगळं मांडलेलं. मला वाटलं होतं सुटे खडे असतील. सुटं काही नव्हतंच. बोटं तळव्याला चिकटली होती. गाल, नाकपुडी, एक बंद पापणी एकमेकांना धरून होती, कडा सायीसारख्या मिळून आल्या होत्या. पांढरा रंग जाऊन आत गुलाबी भरत होता.

आणि कुजका वास नाही. पावडर लावून, केस विंचरून बसलेल्या म्हातारीचा स्वच्छ, गोडसर वास. सडका असता तर बरं झालं असतं. सडक्याची मला सवय आहे.

एनिडबाईंनी पाळी माझ्या हातातून घेतली, जागच्या जागी ठेवली आणि अंगठ्यानं दाबली. चिकटली.

आता फक्त ओठ आणि जीभ, म्हणाल्या.

९ नोव्हेंबर

डॉक्टरणीला फोन करून सगळं सांगितलं. म्हणजे सांगायला लागले आणि स्वतःचेच शब्द ऐकून थांबले. ती हळुवार आवाजात म्हणाली, ग्लेनिस, तू फार दमली आहेस, एक दिवस सुट्टी घे.

कर्नल आज पाण्यात बुडत होता, मान उचलत नव्हता. तोंड साफ करताना चावला. जोर कुठून आला कोण जाणे, बोटाचं मांस फाटलं आणि त्याची ती पिवळी घाण सरळ जखमेत गेली. मी ओरडले. त्यानं चिकटलेला डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. इतकं थकलेलं जनावर मी दवाखान्यात कधी बघितलं नव्हतं.

वचन गेलं खड्ड्यात. याला सोडवायचं.

एनिडबाईंना सांगितलं तर पहिल्यांदाच काठी आपटली. अजून नाही, म्हणाल्या, विनी मुकी आहे अजून.

१३ नोव्हेंबर

एनिडबाई केस सेट करायला गेल्या आणि मी कर्नलला बाजाराच्या पिशवीत घालून डॉक्टरणीकडे नेलं. तिनंही मान हलवली, आता याचे हाल करू नयेत. इंजेक्शन दिलं. मी त्याचा पंजा धरून होते. कासवाचा जीव जायला फार वेळ लागतो. त्यानं तोंड उघडलं, आत काही नव्हतं. स्वच्छ, रिकामं, गुलाबी तोंड. मला वाटलं, सुटला बिचारा. मी रडले. इतक्या दिवसांची शिसारी त्या रडण्यात वाहून गेली.

घरी येऊन एनिडबाईंना स्वतः सांगितलं. शिव्या खायच्या तयारीनं उभी होते. त्या रागावल्या नाहीत. पिशवीकडे बघितलंसुद्धा नाही. माझं बांधलेलं बोट हातात घेतलं आणि दुखतं का, असं विचारलं. मग चष्मा पुसून माझ्या जबड्याखाली बघत राहिल्या.

उद्याच्या बसनं जाते.

१४ नोव्हेंबर

बस चुकली. ताप आहे. गिळताना घशात बोर अडकल्यासारखं वाटतंय. एनिडबाईंनी सूप आणलं. मी ओतून दिलं.

दुपारी आरशात बघितलं. डाव्या कानाखाली सूज.

१५ नोव्हेंबर

सूज वाढली. दाबली तर पाणी नाही, मऊ नाही. घट्ट. मला माहीत आहे घट्ट म्हणजे काय.

तोंडाला तोच वास येतोय. स्वतःच्याच वासानं ओकते आहे. त्यातही पावडरचा गोडवा — देवा —

वहिनीला फोन लावला. ये आणि मला घेऊन जा, एवढंच सांगायचं होतं. जीभ वळेना. दोन जिभा एका तोंडात मावत नाहीत तशी — तिला वाटलं मी पिऊन बोलतेय. ठेवला तिनं.

१६ नोव्हेंबर

रुग्णवाहिकेसाठी फोन केला. पलीकडच्या बाईनं पत्ता विचारला. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून एक पातळ, गोड, म्हातारा आवाज म्हणाला, चुकून लागला हं, इकडे सगळं छान आहे. आणि माझ्या हातानं फोन ठेवला नाही, एनिडबाईंनी ठेवला. पण आवाज —

गॅदरकोल काचेबाहेर दिसले. मी काच बडवली. वाचवा म्हणायचं होतं. तोंड म्हणालं, डेसमंड, आता रानपाला नको रे.

ते पांढरे पडले. पळाले. त्यांनी तो आवाज ओळखला. ते परत येतील — कुणाला तरी घेऊन — येतीलच —

१७ नोव्हेंबर

नाही आले.

बोलायचं नाही. मी ठरवलंय. तोंडच उघडायचं नाही. पाणीसुद्धा नको. लिहिता येतंय, हात माझा आहे.

आत ते फिरतं. माझ्या दातांवरून हळूच फिरतं, मोजल्यासारखं. ओकारी येते आणि ओकता येत नाही, कारण ओकायला तोंड —

झोपेत सुटलं तोंड. एनिडबाई उशाशी बसून रडत होत्या, आनंदानं. मला म्हणाल्या, तिनं मला पिप म्हटलं. तिच्याशिवाय पिप मला कुणी म्हटलं नाही, आईनंसुद्धा नाही.

१८ नोव्हेंबर

ट्रे आणलाय. माझ्या पलंगावर, माझ्या उशीवर, फडक्यासकट. पापणी उघडी आहे. डोळा ओला आहे. माझ्याकडे नाही — माझ्या तोंडाकडे बघतोय —

ओठ नाहीत. ओठांच्या जागी खाच. वाट बघत असलेली.

एनिडबाईंनी चिमटा उकळून घेतलाय. माझाच चिमटा. त्या मला ग्लेनिस म्हणतच नाहीत आता. म्हणाल्या, आ कर, विनी.

मी दात आवळून धरलेत. जबडा फुटेस्तोवर आवळून धरलेत. एका हातानं लिहितेय, दुसऱ्यानं तोंड दाबून — नाही उघडणार. मेले तरी नाही. पण आतून कुणीतरी ते