थांब्याजवळचं घर

४ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ.

हे पत्र शिवण बाजूला ठेवून वाच, नाहीतर आनंदाच्या भरात गिऱ्हाइकाची बाही गळ्याला जोडशील. विधिमंडळात नवा कायदा पास झाला! आमच्या वस्तीत एका प्लॉटवर एकच घर, या जुन्या नियमापायी माझी मागची जागा नुसती गवत पोसत होती. आता बसथांबा चालत जाण्याइतका जवळ असेल, तर त्याच प्लॉटवर दुसरं लहान घर बांधायला कुणी आडकाठी करायची नाही. कामकऱ्यांना परवडणारी घरं वाढावीत, हा त्यामागचा हेतू. आणि थांबा तर आमच्या गल्लीच्या तोंडाशीच! अडलेले शब्द नातीकडून समजून घेतले. उभा जन्म गवंडीकामात गेला, चार भिंतींसाठी मला कुणाची मिनतवारी नको.

आमच्या दोन खोल्यांत मुलगा, सून, नाती. तिथं भावोजींची खाट मावत नाही म्हणून जीव जळायचा. अर्धांगानं पडलेला माणूस तिसऱ्या मजल्यावर किती दिवस कोंडून घालणार? घरमालक भाडं वाढवतोय ना? अंगणात तुम्हा दोघांचं घर उभं करतो, दे खोली सोडण्याची नोटीस. बिनधास्त दे. मी बसलोय ना!

माया आहे तशीच राहू दे, फक्त पत्रं जरा मोठी लिहीत जा.
— दादा

१५ मार्च

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

नोटीस दिली. मालकानं दुसरं बिऱ्हाड लगेच ठरवूनही टाकलं, एप्रिलअखेर निघायचं आहे. यांना तुमचं पत्र वाचून दाखवलं, तर 'अंगण' हा शब्द पुरता उच्चारला. आजारपणानंतर इतका स्पष्ट शब्द पहिलाच.

शेजारी कुरकुर करणार नाहीत ना? कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाई मागे माझ्या हातातली पिशवी बघून मला कामवाली समजल्या होत्या. आता कायमची शेजारीण झाले तर त्यांना घेरी यायची!

उन्हात विटा वाहू नका. तुमचा जीव आम्हाला घरापेक्षा मोलाचा.
— धाकटी

९ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. आ.

कसं लिहू कळत नाही. वस्तीतल्या लोकांनी सह्या गोळा करून पालिकेत अर्ज दिला आणि पालिकेनं आमच्याकडची बसच बंद केली. कायद्याला हात लावता येईना, तर थांबा उचलला. खांब उपटून भोकात सिमेंट ओतलंय, तेही वेडंवाकडं. नकाशा घेऊन गेलो तर कारकून मान वर न करता म्हणाला, आजोबा, तुमचा जवळचा थांबा आता हमरस्त्यावर, कायदा तिथून तुमच्यापर्यंत पोचत नाही. डॉक्टरीणबाई वाटेत भेटल्या. तुमच्याबद्दल काही नाही हो, म्हणाल्या, पण अशानं वस्तीचं वळण बिघडतं.

कायदा पास झाला म्हणजे घर झालंच, असं मी धरून चाललो. चूक माझी. मालकाच्या हातापाया पड, खोली परत मिळते का बघ. आणि आधी मला चार शिव्या घाल, मग पुढचं बोलू.
— दादा

६ मे

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

मालक माणूस वाईट नाही, पण नव्या बिऱ्हाडाचं सामान जिन्यात येऊन पडलं होतं. यांना सरकारी शुश्रूषागृहात खाट मिळाली. घरच्यांना तिथं राहू देत नाहीत, दुपारी तेवढं भेटू देतात. मी ज्यांच्याकडे शिवते त्या बाईंच्या पोटमाळ्यावर आहे. लग्न झाल्यापासून आम्ही वेगळे कधी निजलो नव्हतो.

थांब्याचं यांना सांगितलेलं नाही. रोज तुटक शब्दांत विचारतात, घर कुठवर आलं. काल जोत्यापर्यंत आलं असं सांगून बसले. त्यापुढचं बांधकाम मला कळत नाही, दादा. तुम्ही लिहा, मी वाचून दाखवीन.

रागावलेली नाही. रागवायला तुमच्याशिवाय मला आहे कोण, म्हणून तो राग जपून ठेवलाय.
— धाकटी

२७ ऑगस्ट

श्री. भावोजींस,
स. न. वि. वि.

मागच्या पत्रात स्लॅबचं लिहिलंच होतं. स्लॅब उत्तम झाला, कुठं गळत नाही. दाराला उंबरठा ठेवलेला नाही, तुमची खाट सरळ आत ढकलता येईल. चिरंजीव विटा भिजवताना फार कुरकुरले. गवंड्याच्या पोटी साहेब जन्मलाय, काय करणार!

सध्या आतून गिलावा चालू आहे. रंग मी ठरवलेला नाही. तुम्ही जन्मभर लोकांच्या भिंती रंगवल्यात, तुमच्या भिंतीचा रंग मी कोण सांगणार? सावकाश विचार करून धाकटीजवळ बोला.

हवा दमट आहे, गिलावा वाळायला वेळ घेतोय. ओल्या भिंतीवर रंग धरत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? म्हणून घाई करत नाही. पुरता वाळल्याशिवाय मी कुणालाही आत पाऊल टाकू देणार नाही.

तोवर औषध वेळेवर घ्या आणि या थोरल्या मेहुण्यावर भरवसा असू द्या.
— दादा