गाळलेला कर्ता

सोमवार, ४ ऑगस्ट

व्याकरणाचे तास बंद. गुरुवारचा शेवटचा. त्या जागी 'व्यक्तिमत्त्व विकास'. मुख्याध्यापक म्हणाले, मुलांना व्याकरणाचा जाच होतो, भावना पोचल्या म्हणजे झालं. यांच्याच फाटकावर पाटी आहे — 'विद्यार्थांनी शिस्त पाळावे'. एका ओळीत दोन चुका, आणि रोज हजार मुलं तिच्याखालून आत जातात. शिसारी आली.

मंगळवार, ५ ऑगस्ट

शिक्षक-खोलीत कुणी ब्र काढला नाही. सगळे चहात बिस्कीट बुडवत बसले होते.

गुरुवार, ७ ऑगस्ट

शेवटचा तास. प्रयोग शिकवले. फळ्यावर लिहिलं — 'काच फुटली' आणि 'मी काच फोडली'. शंकासूर उठलीच. (तिचं हे नाव शिक्षक-खोलीनं ठेवलंय. शंका विचारल्याशिवाय पोरीला अन्न पचत नाही.) म्हणाली, "बाई, काच आपली आपण कशी फुटेल?" वर्ग हसला. मी सांगितलं, फुटत नाही, पण भाषेत तशी सोय आहे. सोय कोण कशासाठी वापरतं, ते बघायला शिका.

असं वर्षातून एकदा कुणी विचारतं. आणि हे म्हणे जाच!

शनिवार, ९ ऑगस्ट

शंकासूरचा उजवा हात मोडला. रांगेत उशिरा आली म्हणून खेळाच्या सरांनी खांदा धरून जिन्यावरून ढकललं. अख्ख्या वर्गानं पाहिलं. मी खालच्या पायरीवर होते, मीही पाहिलं. प्लास्टर घालताना ती रडली नाही म्हणे. मला मात्र घरी आल्यावर भडभडून आलं.

सोमवार, ११ ऑगस्ट

मुख्याध्यापकांनी बोलावलं. संस्थेला अहवाल पाठवायचाय, भाषा नीट करून द्या, आणि साक्षीदार म्हणून खाली सहीही करा.

'जिन्यावर गर्दी झाल्यामुळे विद्यार्थिनीचा तोल गेला व तिच्या हाताला दुखापत झाली.'

एकही चूक नाही! ऱ्हस्व-दीर्घसुद्धा जागच्या जागी. गर्दी झाली, तोल गेला, दुखापत झाली. माणूस कुठेच नाही. पाटीवरची शिस्त ज्याला स्त्रीलिंगी करता येत नाही, त्याला हे बरोबर जमतं.

म्हटलं, यात कर्ता नाही.

"बाई, मी तुम्हाला शुद्धलेखन बघायला सांगितलं. तपास करायला नाही."

सही न करता कागद परत दिला. मग बाहेर नळावर कितीतरी वेळ हात धूत राहिले.

घरी हे म्हणाले, निवृत्ती तोंडावर आलीय, कशाला हात दाखवून अवलक्षण? भांडी जरा जास्तच आपटली.

बुधवार, १३ ऑगस्ट

शंकासूरच्या वडिलांना बोलावून घेतलं होतं. धाकट्या मुलाला याच शाळेत घालायचंय त्यांना. दार लावून बोलणं झालं. बाहेर आले तेव्हा माझ्याकडे न बघता निघून गेले.

मग मुख्याध्यापकांनी मला कागद दाखवला. डाव्या हातानं लिहिलेली वेडीवाकडी अक्षरं — 'मी जिन्यावर धावत होते. मी पडले.'

"घ्या," म्हणाले, "तुमचा कर्ता."

आणि हसले.

गुरुवार, १४ ऑगस्ट

जेवण गेलं नाही. किळस येतेय. मुख्याध्यापकांची आणि खेळाच्या सरांची येतेच, पण आज माझ्या विषयाचीही आली. 'मी पडले' — लाल शाईला जागाच नाही. पूर्ण गुण द्यावे लागतील. इतकी वर्षं मी काय शिकवलं? खोटं शुद्ध कसं लिहावं, हे?

उद्या सुट्टी, परवा जोडून रजा. राजीनामा लिहायला घेतला. पहिल्या ओळीपुढे गेला नाही.

सोमवार, १८ ऑगस्ट

'व्यक्तिमत्त्व विकासा'चा पहिला तास. संस्थेचे अध्यक्ष स्वतः बघायला आले होते. शेजारी मुख्याध्यापक आणि खेळाचे सर. मी मागच्या भिंतीला. भाषण संपवून अध्यक्षांनी विचारलं, कुणाला काही बोलायचंय?

शंकासूर उठली. हात गळ्यात अडकवलेला.

"मी लिहून दिलेलं वाक्य चुकलंय. मला कर्ता बदलायचाय."

मुख्याध्यापक म्हणाले, खाली बस.

ती बसली नाही.