कोरी जर्सी

जानेफळ, रविवार, संध्याकाळी सात

जिल्ह्याची लीग आम्ही आधीच जिंकली होती, आज शेगावला कपही जिंकला. एकाच सीझनमध्ये दोन्ही आमच्या क्लबकडे. मग मला असं काऊन वाटून राह्यलं?

फायनल चार-शून्य. गोलकीपर मी, आणि आख्ख्या मॅचमध्ये बॉल माझ्याकडे दोनदा आला, तोही आमच्याच पोरांनी मागं दिलेला. एकदाही झेप घ्यावी लागली नाही. सीझनभर हेच. तिकडे आपला गोल झाला की मी इकडून पळत सुटायचो, पोचेपर्यंत सगळ्यांच्या मिठ्या मारून झालेल्या असायच्या. आजही तीनदा पळालो. चौथ्या वेळी अर्ध्यातूनच परत फिरलो. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

एक खरं लिहूनच टाकतो. शेवटी शेवटी मनात म्हणत होतो, येऊ द्या समोरच्या टीमचा एखादा, मारू द्या जोरात. आपल्याच टीमबद्दल असं वाटावं?

परतताना जीपमध्ये कॅप्टननं पाठीवर थाप मारली. "तुले तं आरामच होता बे सीझनभर!" सगळे हसले. मीही हसलो. त्याची जर्सी मातीनं भरलेली. माझी सकाळी घातली तशीच.

घरी आलो तर आईनं ती भिजवायला घेतली, बादलीपाशी उलटीपालटी करून पाह्यली आणि हळूच विचारलं, "तुले आज खेळवलंच नाही का रे?"

मी म्हटलं, "नाही."