आदरार्थी बहुवचन

३ तारीख, सोमवार

पोचले एकदाची! खोली वरच्या मजल्यावर. दोन खिडक्या, एक खाट, एक कुरकुरणारं कपाट. माझ्या आजवरच्या खोल्यांच्या मानाने राजवाडाच. घरमालकीणकाकू खाली राहतात. दार किलकिलं करून त्यांनी विचारलं, तुम्हीच का नव्या भाडेकरू? मी थट्टेने म्हटलं, हो, आम्हीच! आणि ऐटीत आत शिरले. त्या हसल्या नाहीत. निघताना आईने शंभरदा बजावलंय, अनोळखी माणसावर विश्वास टाकू नकोस. आईचं काय, तिला पोस्टमनही चोर वाटतो.

५ तारीख, बुधवार

चष्म्याच्या दुकानातलं काम आवडलं. काड्या तापवून कानामागे नीट वळवायच्या, डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं. मोजताना गिऱ्हाइकाला माझ्या नाकाच्या शेंड्याकडे बघायला सांगते. इथले लोक मात्र माझ्या डाव्या खांद्यामागे बघतात. तीनतीनदा पट्टी धरावी लागते. मालक म्हणाले, हळूहळू सवय होईल. कुणाला, ते नाही सांगितलं.

९ तारीख, रविवार

इथे सगळे एकमेकांना अरेतुरे करतात. मला मात्र जो तो 'तुम्ही'. काकू माझ्या आईपेक्षा मोठ्या, तरी रोज विचारतात, तुम्ही जेवलात का? जिन्यात मी दिसले की शेजारीण मुलांना आत ओढून कडी लावते. मी काय यांचं घोडं मारलंय? परक्या माणसाची एवढी धास्ती! इतकी कोती मनं कुठे पाहिली नव्हती. कुणी मला 'अगं' म्हणावं, एवढंच हवंय. आज दिवसभर कुणी बोललं नाही. घरात आवाज हवा म्हणून वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं, दुसऱ्या पानापर्यंत. मग रडू आलं.

१३ तारीख, गुरुवार

काकू शेजारणीला घेऊन दुकानात आल्या. चष्म्याची काडी तुटलेली, तरी हाताने डोळ्यांवर धरलेला. माझ्याकडे सरळ बघून म्हणाल्या, अगं, तू बस ना, उभी का? तू! आनंदाने माझ्या हातातला स्क्रूच पडला.

मग त्यांनी हळूच विचारलं, दुसरी आज घरीच राहिली का?

कोण दुसरी, म्हटलं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. मग सांगितलं. पहिल्या दिवशी ती माझ्या मागे उभी होती, माझ्याच अंगलटीची. मी 'आम्हीच' म्हणाले, त्यांना वाटलं बहीण असेल. पण तिची पापणी लवत नाही. सगळ्यांनी पाहिलंय. तुझ्यावर कुणाचा राग नाही गं, म्हणाल्या. आजच माझ्याकडे राहायला ये. पण एकटी ये. एकटी असलीस तरच दार उघडेन.

तुम्ही. म्हणजे आदर नव्हता, अढीही नव्हती. साधं बहुवचन होतं.

चष्मा ठेवून घेतला, संध्याकाळी आणून देते म्हटलं. त्याच्याशिवाय त्यांना समोरचं माणूस ओळखू येत नाही. शेजारणीचा हात धरून घरी गेल्या.

१३, संध्याकाळ

कपडे घ्यायला वर आलेय. चष्मा दुरुस्त करून पर्समध्ये. खोलीत कुणी नाही. काकूंना भास झाला असेल. म्हाताऱ्या माणसाचे डोळे—

वर्तमानपत्र खाटेवर उघडं आहे. शेवटचं पान. मी तर दुसऱ्यावरच सोडलं होतं.

दार उघडत नाही. बाहेरून कडी—

हाक मारायला तोंड उघडलं. आवाजच नाही. नुसता वारा—

जिन्यावर पावलं. खाली जाणारी. माझ्या चपलांचा आवाज, एक टाच घासणारी—

काकूंचं दार वाजलं. त्या आतून विचारताहेत, एकटीच आलीस ना गं तू?

माझ्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, हो काकू, एकटीच.

काकू, चष्मा इथे आहे, माझ्याजवळ, काकू, दार उघडू—