भिंत कसली आहे?

ती. सौ. ताईस,

साष्टांग नमस्कार. पत्र पाहून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोनवर तू मला दुसऱ्या वाक्याला अडवतेस आणि हा विषय लांबीचा आहे, म्हणून लिहितोय. तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला? (दोन्हींचं उत्तर दाजींनी कळवावं, तू 'ठीक' म्हणून मोकळी होतेस.)

तर विषय बाथरूममधल्या कपाटाचा. आई गेल्यावर अण्णा माझ्याकडे आले त्याला अडीच महिने झाले, पण दाढीचं सामान अजून बॅगेतच. रोज सकाळी काढायचं, दाढी उरकायची, पुसून पुन्हा बॅगेत, लॉजवर उतरल्यासारखं. बोलणं 'हो', 'नको' आणि 'चालेल' यापलीकडे नाही. तुझी भावजय म्हणाली, त्यांना स्वतःचा एक कप्पा हवा. म्हणून बेसिनवर लावायला आरशाचं कपाट आणलं. सुतार बोलवू, असं तिने सुचवलं होतं. मी म्हणालो, चार स्क्रूंचं तर काम. (बाप पस्तीस वर्षं वर्कशॉपात फिटर होता म्हणून शाळेत भूगोल शिकवणाऱ्याने असं बोलू नये, हे आता कळलं.)

हार्डवेअरवाल्याने पहिलाच प्रश्न टाकला, भिंत कसली आहे? मी म्हणालो, पांढरी. त्याला हवं होतं विटेची, काँक्रीटची की पोकळ ठोकळ्यांची. बारा वर्षं ज्या भिंतीआड आंघोळ केली तिच्याबद्दल मला एवढीही माहिती नव्हती. (नदीखोऱ्यातले खडक विचार, झोपेत सांगतो.) ठोकून बघा, म्हणाला. घरी येऊन ठोकली, बराच वेळ, नीट कान देऊन. तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. आमच्या ठोकण्यावर त्या दोनदा 'आले, आले' म्हणत स्वतःचं दार उघडून बघून आल्या होत्या, आणि आता आत कोणी अडकलंय का, ते विचारायला आल्या होत्या.

ठोकण्यातून निष्कर्ष काही निघाला नाही, तेव्हा माझ्या स्वभावाप्रमाणे मी मधला मार्ग काढला आणि मध्यम मापाच्या प्लास्टिकच्या गिट्ट्या आणल्या. (भिंतीच्या भोकात बसवतात आणि स्क्रू पिळला की फुगून घट्ट होतात, त्या. म्हणजे व्हायला हव्यात.) एक टाइल तडकली, पण कपाट लागलं. अण्णा दारातूनच बघून 'चालेल' म्हणाले आणि आपली बॅग घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत असताना ते कपाट, गुडघे दुखणारं माणूस खाली बसतं तसं, सावकाश टेकत टेकत उतरायला लागलं. दोन्ही हातांनी कपाट पेललेलं, तोंडात फेस, हाक मारायची सोय नाही. मी भिंतीला लाथ मारली. (पलीकडून काकू 'आले, आले' म्हणाल्या.)

आधी पोचले ते अण्णा. एक बाजू धरली, कपाट खाली ठेवलं. मग भिंतीला कान लावून, बोटाच्या पेराने ठोकत वीत वीत सरकले आणि म्हणाले, "मागे पोकळ आहे. तुझी गिट्टी नुसत्या गिलाव्यात लोंबकळत होती. चल, चपला घाल."

अडीच महिन्यांत त्यांच्या तोंडून एवढं सलग प्रथमच ऐकलं. दुकानात ते आणि हार्डवेअरवाला दीड तास बोलत होते; मी पिशवी धरून उभा. शेवटी पोकळीत शिरल्यावर छत्रीसारखे उघडणारे बोल्ट त्यांनी एकेक उघडमीट करून निवडले. घरी टाइलवर चिकटपट्टी लावली, म्हणजे ड्रिल घसरत नाही. मला भुकटी झेलायला कागद धरायचं काम मिळालं. "सरळ धर," हे दोनदा ऐकलं आणि खरं सांगतो, पन्नाशीत बरं वाटलं. खुणा करताना त्यांनी माझी रेघ खोडली आणि दीड इंच खाली नवी मारली. मी विचारलं, का? तर म्हणाले, "बायकांचा हात पुरत नाही. तुझी आई तीस वर्षं स्टुलावर चढली, मी कधी फळी खाली घेतली नाही." मग त्यांनी ड्रिल चालू केलं.

आता कपाट असं बसलंय की भिंत पडेल, ते पडणार नाही. वरचा कप्पा अण्णांचा. वस्तरा, ब्रश, साबण ओळीने. बाकी सगळं क्षेम. दाजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. येत्या एक तारखेला तू अण्णांना न्यायला येणार, असं आपलं ठरलंय. सहा महिने तुझ्याकडे, सहा माझ्याकडे, हे मीच सुचवलं होतं आणि तुझी पाळी लवकर धरायचा आग्रहही माझाच होता. ते शब्द मागे घेतो. वर एवढं लिहिलं ते यासाठीच. तू ये, हवी तेवढी राहा. त्यांना नेऊ नकोस.

ता. ता. क. पाकीट चिकटवायला अण्णांकडे दिलं तर त्यांनी पत्र वाचलं. शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या आणि म्हणाले, "मला कोणी विचारलंय का?" तुझ्या स्वयंपाकघरात दाजींनी लावलेली फळी सहा वर्षं डावीकडे कललेली आहे आणि आता ती त्यांच्याने बघवत नाही, असं कळलं. तेव्हा एक तारखेला ते ड्रिल घेऊन येणारच. डबे उतरवून ठेव आणि दाजींना दिवसभर कुठेतरी बाहेर पाठव. किती दिवस राहणार, असं मी जरा घाबरतच विचारलं. अण्णा म्हणाले, "एका फळीला कितीसे दिवस लागतात? जाऊन येतो."