रस्त्याकडची खोली

मी, श्रीमती संजीवनी मार्तंड सोनोने, वय ४६, धंदा शिवणकाम, राहणार सावळदरी, तालुका मोताळा, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याइतके जवळ आता कोणी राहतही नाही.

१. राहते घर माझ्या शिलाईच्या कमाईचे व माझ्या नावावर आहे. यजमान वारले. मला मूलबाळ नाही.

२. मागची खोली, स्वयंपाकघर व अंगण पुतण्या देवेश यास द्यावे. त्याला पूर्ण घर हवे होते. "काकू, रोडची जागा हाय. पुढं शटर लावलं तं दुकान मस्त चालते," असे तो म्हणाला. काकांच्या तेरवीनंतर तो पहिल्यांदा आला तो मोजायचा टेप घेऊन, एवढे लक्षात राहिले आहे.

३. शिलाई मशीन शेजारच्या सुवर्णाला द्यावे. पायडल जड आहे, तेल घालत राहावे.

४. रस्त्याकडची खोली ग्रामपंचायतीस, फक्त आरोग्य उपकेंद्रासाठी द्यावी. उपकेंद्राची भाड्याची जागा मालकाने परत मागितली. दुसरी मिळाली नसती तर उपकेंद्राच्या नर्स छाया सिस्टर धामणगावला बसल्या असत्या. तिथे जायला एसटी लागते, आणि नुसते प्रेशर मोजायला कोणी एसटीने जात नाही. म्हणून खोली मी आत्ताच वापरायला दिली आहे. माझ्यामागे देवेशने तिला कुलूप लावू नये, यासाठी हे लिहिणे.

कारणही नोंदवते. जुने उपकेंद्र आमच्या घरापासून हाकेवर होते, पण आम्ही दोघे कधी त्याची पायरी चढलो नाही. बाकावर गरोदर बायका आणि लसीची बाळे असायची. यजमानांचे डोके सकाळी दुखायचे. दाखवून या म्हटले की म्हणायचे, "तो लेकुरवाळ्यायचा दवाखाना हाय. आपलं काय काम तिथं?" मीही आग्रह धरला नाही. तिथे बसलेल्या बायका 'तुम्ही कोणासाठी आल्या?' असे विचारतील, ते मला नको होते. एका सकाळी त्यांच्या हातातून चहाचा कप पडला. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी विचारले, प्रेशर कधीपासून आहे? ते कोणी मोजलेच नव्हते.

ते गेले त्याच हिवाळ्यात पोलिओसाठी घरोघर फिरणाऱ्या छाया सिस्टर दारात आल्या.

"पाच वर्साच्या आतलं कोनी हाय का घरात?"

मी दरवर्षीप्रमाणे नाही म्हटले. त्यांनी दरवर्षीप्रमाणे भिंतीवर खडूने खूण केली. पण निघाल्या नाहीत.

"मंग घरात हाय कोन?"

"मीच."

"मंग तुमचंच पाहू. बसा."

त्यांनी दंडाला पट्टा बांधला, मनगट धरले. तेरवीनंतर मला कोणी हात लावलेला नव्हता. प्रेशर वाढलेले निघाले. तेव्हापासून गोळी चालू आहे. न्यायला उशीर झाला की सिस्टर दारातून हाक मारतात, "काऊन ताई, रुसल्या काय?" आता भिंतीपलीकडून दिवसभर माणसांचे आवाज येतात. त्या आवाजात टाके नीट पडतात.

५. वकील म्हणाले, बुद्धीचा दाखला शहरातल्या मोठ्या डॉक्टरांचा घ्या. मी तो आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉ. प्रतिमांकडून घेतला. वार आणि गावाचे नाव विचारून झाल्यावर त्यांनी विचारले, "झोप लागते का?" मोठ्या डॉक्टरांना हे सुचले नसते.

६. खोलीसाठी अट एकच. देवेशच्या बाजूचे मधले दार बंद करू नये, तिकडून नाही, इकडूनही नाही. त्याचेही डोके काकांसारखे सकाळी दुखते. तो सांगत नाही, कपाळ दाबत बसतो. लग्न नाही, लेकरू नाही, म्हणून तोही पायरी चढणार नाही. कधी त्या दाराशी रेंगाळला तर कोणासाठी आला, काय काम, असे विचारू नये. बस म्हणावे आणि पट्टा बांधावा.

हे मृत्युपत्र मी साक्षीदारांना वाचून दाखवले. त्यांच्यासमोर मी सही केली व माझ्यासमोर त्यांनी.

सही: संजीवनी मार्तंड सोनोने

साक्षीदार:
१. डॉ. प्रतिमा देशमुख, वैद्यकीय अधिकारी
२. नारायणराव चोपडे, शेजारी (सही करण्याआधी यांनी स्वतःचे प्रेशर मोजून घेतले.)

ठिकाण: सावळदरी, रस्त्याकडची खोली
दिनांक: ११ मार्च २०२५