वट्ट्यावरचा दिवा

९ नोव्हेंबर, रविवार

जमलं एकदाचं! ब्राह्मणपुरीच्या घरात बसवलेला माझा जुना कॉम्प्युटर आता सगळं सांभाळतो. तिन्हीसांजेला दारापुढच्या वट्ट्यावरचा, ओट्यावरचा दिवा आपोआप लागतो, उजाडलं की विझतो. टाकी उतरली की मोटर चालू, भरली की बंद. आणि मी इथे नंदुरबारला माझ्या टेबलावरून सगळं बघतो — स्क्रीनवर हिरवे ठिपके, म्हणजे ठीक.

माय सगळं बघून म्हणाली, "मंग मी काय करू आते?" म्हटलं, आराम कर. आषाढात पाय घसरला तेव्हाच तिला बजावलंय — पुन्हा पडलीस तर या घराला कुलूप, सरळ माझ्याकडे यायचं. रंजिताला ते आवडलं नाही. "सासूबाईंना असं धमकावू नका," म्हणते. धमकी कसली? एकटी राहते, काळजी वाटते.

१३ नोव्हेंबर

मायने कॉम्प्युटरवर धुतलेलं लुगडं पांघरून ठेवलंय. तापेल म्हटलं, तर म्हणे, धूळ बसते. डोकं आपटून घ्यावं!

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मायचा फोन. "दगा आते येत नही. वट्टावर कोनी बठत नही." दगा आमचा सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी. रोज मोटर चालू करायला यायचा, टाकी भरेपर्यंत वट्ट्यावर बसायचा, चहा प्यायचा, गावभरच्या गोष्टी सांगायचा. म्हटलं, बरंच झालं की, तुझा चहाचा व्याप वाचला. ती म्हणाली, ठेवते.

५ डिसेंबर, शुक्रवार

माय पडली. खुब्याचं हाड मोडलंय. काल तिन्हीसांजेच्या आधी मागच्या मोरीत पडली आणि आज सकाळी सापडली. अख्खी रात्र थंड फरशीवर! समोरची रूपलीबाई दूध द्यायला गेली म्हणून निदान सकाळी तरी कळलं.

दवाखान्यात रूपलीबाई माझा हात धरून रडत होती. "दिवा लागना व्हता भाऊ. माले वाटनं माय शे, तिनीच लावा."

आमच्या गल्लीची रीतच आहे ती. ज्या घरचा दिवा लागला नाही, तिथे समोरच्याने जाऊन बघायचं. कोणी ठरवलेलं नाही, पण लहानपणापासून बघतोय. बाबा गेल्यावर तर रूपलीबाई रोज आपल्या दाराशी येऊन मायचा दिवा बघूनच चुलीपाशी जायची. आणि हे सगळं माहीत असून मी तो दिवा मशिनीच्या हाती दिला. माय मोरीत पडलेली, आणि बाहेर माझा दिवा गावाला सांगत होता की सगळं ठीक आहे. माझ्या स्क्रीनवरही ठिपके हिरवेच होते. मी ते बघून निवांत जेवलो.

स्वतःची लाज वाटते.

६ डिसेंबर

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, चालेल, पण वेळ लागेल.

८ डिसेंबर, सोमवार

गावी जाऊन कॉम्प्युटरची वायर उपटली. सगळी बटणं काढून जुनी लावून घेतली. दगा बघत उभा होता. विचारलं, इतक्या दिवसांत एकदाही का नाही आलास? म्हणाला, "मोटर आपोआप चालस, मंग मी कसाले येऊ?" त्याला चहा करून द्यावा म्हटलं, तर घरात साखर कुठे असते तेही मला माहीत नाही.

१४ डिसेंबर, रविवार

मायला आमच्याकडे आणलं. तिच्या खोलीच्या खिडकीतून शेजारच्या बंगल्याची भिंत दिसते, बाकी काही नाही. दिवसभर तिकडेच तोंड करून पडून असते.

घराचं सांगून टाकलं तिला — बोलल्याप्रमाणे कुलूप लावतो, घरातलं धान्य दगाकडे देतो. "तुन्ही मरजी," एवढंच बोलली. फोन कुठे होता तुझा, असंही विचारलं. तिने डोळे मिटून घेतले. झोप आली असेल.

१७ डिसेंबर

माय जेवत नाही. रंजिताने भरवलं तर दोन घास. माझ्याकडे बघतही नाही. दिव्याचा राग असेल. असायलाच हवा.

२० डिसेंबर, शनिवार

आज तिचे पाय धरले. म्हटलं, माय, चुकलो, तो दिवा लावायला नको होता. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, "दिवाना काय दोष शे, हेमू? फोन मन्हा हातमाच व्हता. तुले लावा असता, ते तू माले आठेच लई उना असता."

रात्रभर फोन हातात धरून माय मोरीत पडून राहिली, मला कळून घराला कुलूप लागू नये म्हणून.